उभे राहणे, बसणे, पडणे

निवडणुकीचे मराठी फार सोपे आहे. त्यात मुख्य क्रियापदे तीन : उभे राहणे, बसणे आणि पडणे. माणूस निवडणुकीला उभा राहतो. अर्ज मागे घेतला तर तो बसला असे म्हणतात. आणि बसला नाही तर बहुधा पडतो. 'येणे' असे चौथे क्रियापदही आहे, पण ते थोड्यांच्या नशिबी असते. 2024 च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र विधानसभेच्या 288 जागांसाठी 4,136 माणसे उभी होती. त्यांत 2,086 अपक्ष. या अपक्षांपैकी आले किती, तर दोन. एक जुन्नरहून आणि एक चंदगडहून. उरलेल्या 2,084 जणांत प्रस्तुत लेखक होता.

अपक्षांचे दिवस नेहमीच असे वाईट नव्हते. 1995 साली याच विधानसभेत 45 अपक्ष निवडून आले होते आणि त्यांच्या पाठिंब्यावाचून सरकार बनेना. 2019 मध्ये ते 13 झाले आणि 2024 मध्ये दोन. घटत्या भावाच्या मालाचा व्यापार शहाणा माणूस करीत नाही, हे बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला कोणी सांगायला नको. तरीही मी उभा राहिलो. का, ते थोडक्यात सांगतो.

मुंबईच्या उपनगरात आमची सोसायटी आहे. इमारत जुनी, बिऱ्हाडे छप्पन्न. निवृत्त झाल्याबरोबर मंडळींनी मला सेक्रेटरी केले. पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे आणि कोणाच्या कुंडीतले पाणी कोणाच्या वाळवणावर पडले याचा निवाडा, एवढाच कारभार असेल अशा समजुतीने मी दप्तर उघडले, तर आतून जमीनच निघाली. म्हणजे निघाली नाही, हाच प्रश्न होता. घरे आमची, कर आमचे, गळती आमची. पण इमारतीखालची जमीन कागदोपत्री अजून बिल्डरच्या नावावर. महाराष्ट्रात सदनिकांच्या मालकीचा कायदा 1963 साली झाला. दुसरी मुदत ठरलेली नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यावी, असे तो सांगतो. आमचे चार महिने एकतीस वर्षे चालले होते. बिल्डर दाद देत नाहीत म्हणून 2008 साली कायद्यात दुरुस्ती होऊन 'मानीव अभिहस्तांतरण' आले. या दोन शब्दांचा उच्चार नीट करता येईपर्यंत मला एक वर्ष लागले आणि त्याची फाइल एका कार्यालयातून दुसऱ्यात नेता नेता आणखी सहा गेली.

अशाच एका खेपेत त्या कार्यालयाच्या बाकावर बसलो असता शेजारच्या बाई म्हणाल्या, "आमची ही नववी खेप. कायदा करणाऱ्यांपैकी कोणी या बाकावर बसलं असतं ना, तर कायदा वेगळा झाला असता." त्या सहज बोलून गेल्या आणि आपला नंबर आला म्हणून उठल्या. मी मात्र बाकावर विचार करीत राहिलो. बाकावर बसणाऱ्यांपैकी कोणी कायदा करायला गेले तरी काम तेच होईल की!

घरी सांगितले तेव्हा सौभाग्यवती भाजी चिरीत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "पंचवीस वर्षं पूर्ण असली की उभं राहता येतं ना? मग तुम्हाला कोण अडवणार?" हा होकार की नकार हे मला चार दिवस कळले नाही. पाचव्या दिवशी त्यांनी बाजारातून माझ्यासाठी चांगल्या चपला आणल्या, तेव्हा कळले.

उभे राहायला काय लागते? लोक म्हणतात, पैसा. पण त्याच्या आधी लागतात दहा माणसे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा मतदार सूचक म्हणून सह्या देणारे हवेत. हा नियम 1996 चा. त्या वर्षी तामिळनाडूतल्या मोडकुरिची मतदारसंघात विधानसभेच्या एका जागेला 1,033 उमेदवार उभे राहिले आणि मतपत्रिकेचे पुस्तक झाले. आपल्या बेळगावातही त्याच वर्षी सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष जावे म्हणून लोकसभेला 456 उमेदवार उभे होते. सरकारने मग कायदा बदलला. विधानसभेची अनामत अडीचशे रुपयांवरून पाच हजारांवर गेली, पुढे दहा हजार झाली, आणि अपक्षाच्या मागे दहा सूचक लागले.

दहा म्हणजे काय मोठेसे, असे मला वाटले. छप्पन्न बिऱ्हाडांचा सेक्रेटरी मी! पण माणूस तोंडाने जो पाठिंबा देतो तो वेगळा आणि सहीने जो देतो तो वेगळा, हे बँकेत जामीनदारांच्या बाबतीत पाहिले होते. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "मत तुम्हालाच, सही तेवढी नको. मुलाचा धंदा आहे." दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचे यजमान सरकारी नोकरीत, त्यांनी दारातूनच हात जोडले. एका स्नेह्यांनी चहा पाजला, मला धैर्याचा पुतळा म्हटले आणि मतदार यादीत आपले नाव गावाकडे असल्याचे सांगितले. सात दिवसांत नऊ सह्या झाल्या. दहावी होईना.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी हे सारे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "माझं नाव आहे यादीत. माझी चालते का?" मी म्हटले, "चालते, पण कागद सरकारात जाईल. तुमचं नाव सगळ्यांना दिसेल." पदराला हात पुसून त्या खुर्चीवर टेकल्या. "दिसू द्या की. एरवी माझं नाव कोण वाचतंय?" त्यांनी सावकाश, एकेक अक्षर वळवीत सही केली, आणि पाय मोडलेला 'र' पुन्हा नीट काढला.

दहा सूचक झाले, तर शपथपत्र उभे राहिले. सव्वीस नंबरच्या या नमुन्यात उमेदवाराने आपली आणि आपल्या बायकोची सगळी चीजवस्तू लिहायची असते. गुन्हे किती, कर्जे किती, शेतजमीन किती, वाहने किती, दागिने किती आणि ते वजनाने किती. सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली निकाल दिला, तेव्हापासून मतदाराला उमेदवाराची ही कुंडली पाहण्याचा हक्क आहे. रकाना रिकामा ठेवता येत नाही. काही नसेल तर 'नाही' असे लिहावे लागते. मी एका बैठकीत इतके 'नाही' लिहिले, की आयुष्यात आपण नक्की केले तरी काय, असे वाटू लागले. खटला नाही, शेती नाही, मोटार नाही, भागीदारी नाही. अखेर दागिन्यांचा रकाना आला. सौभाग्यवतींनी पाटल्या, मंगळसूत्र आणि कानांतली सगळी टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाल्या, "लिहा. नणंदेला तीस वर्षं सांगितलं नाही, ते आता सरकारी दारावर लागू दे." आम्ही मध्यमवर्गीय माणसे दारिद्र्य झाकतो तशीच थोडीफार पुंजीही झाकतो. त्या दिवशी दोन्ही उघड्यावर आली, आणि खरे सांगायचे तर हलके वाटले.

अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस 29 ऑक्टोबर; त्या दिवशी धनत्रयोदशी होती. सराफांच्या दारांत गर्दी, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाबाहेर त्याहून गर्दी. ढोलताशे, गुलाल, फटाके, हारांनी दिसेनासे झालेले उमेदवार. आमच्या मिरवणुकीत चार माणसे आणि एक फाइल. उमेदवाराबरोबर चारच जणांना आत जाता येते, त्यामुळे माझी सगळी मिरवणूक नियमात बसून आत गेली. अनामतीचे दहा हजार मोजून दिले आणि पावती घेतली. "एवढ्यात आज सव्वा ग्रॅम सोनं आलं असतं," सौभाग्यवती कुजबुजल्या. पण पावती त्यांनीच पर्समध्ये घडी घालून ठेवली.

त्यानंतर एक गोष्ट झाली, तिची मला कल्पना नव्हती. अधिकारी उठून उभे राहिले आणि म्हणाले, "शपथ घ्या." शपथ मंत्री घेतात, आमदार घेतात, एवढे मला ठाऊक होते. पण निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला, तो येवो की पडो, आधी राज्यघटनेशी निष्ठा राखण्याची शपथ घ्यावी लागते. ईश्वराला साक्षी ठेवून घ्या किंवा नुसत्या गांभीर्याने घ्या, ते तुमच्यावर. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्या पंख्याखाली, बाहेरच्या ढोलाच्या आवाजात, मी ती वाचली. ज्या देशात जन्मापासून राहत आलो त्याने माझ्याकडे प्रथमच काही मागितले होते. आवाज थोडा कापरा झाला. अधिकाऱ्यांनी तो ऐकून न ऐकल्यासारखे केले, भला माणूस.

दुसऱ्या दिवशी छाननी झाली आणि माझा अर्ज वैध ठरला. अर्ज मागे घेण्याची मुदत 4 नोव्हेंबरला दुपारी तीनपर्यंत, म्हणजे सगळी दिवाळी मध्ये. त्यामुळे आमच्याकडे फराळाला जो आला तो मला बसवायला आला. मेहुणे म्हणाले, "तुम्ही मतं खाणार, दुसरं काय?" उमेदवार मते खातो हीही मराठीतलीच कल्पना. जणू मते दुसऱ्याच्या ताटात वाढलेली होती आणि मी लाडू उचलावा तशी उचलणार होतो! पाडव्याला एक अनोळखी गृहस्थ आले. चिवड्याची बशी संपवून म्हणाले, "साहेबांचा निरोप आहे. बसून घ्या. मान राखू." कोणते साहेब, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. भाऊबीजेला बहिणीने ओवाळता ओवाळता हळूच विचारले, "खरं सांग दादा, तुला उभं कोणी केलं?"

हा प्रश्न मला त्या महिन्यात शंभरदा तरी ऐकावा लागला. 'उभे राहणे' आणि 'उभे करणे' यांत फक्त एका क्रियापदाचे अंतर आहे, पण लोकांच्या मनात पहिले उरलेलेच नाही. एखादा माणूस आपल्या पायांवर, आपल्या बुद्धीने उभा राहतो, हे कोणाला खरेच वाटत नाही. मागे कोणीतरी दोरी धरलेला असला पाहिजे. मी बहिणीला म्हटले, "आपल्या मावशींनी." तिला ती थट्टा वाटली.

चार तारखेला तीन वाजले. मी बसलो नाही. मग चिन्हांचे वाटप झाले. मला मिळाला प्रेशर कुकर, आणि माझ्या शेजारच्या अपक्षाला शिट्टी. आम्ही दोघांनी युती केली असती तर निदान स्वयंपाक तरी झाला असता. यंत्रावरचा क्रम असा असतो : आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणी झालेले इतर पक्ष आणि शेवटी अपक्ष, तेही वर्णानुक्रमाने. पंधरा उमेदवारांत माझा नंबर तेरावा. खाली शिट्टी, तिच्याखाली आणखी एक अपक्ष, आणि सर्वांत शेवटी 'नोटा', म्हणजे यांपैकी कोणीही नको. अपक्षाला मरणाचीही प्रतिष्ठा नाही. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार मधल्या काळात वारला तर मतदान पुढे ढकलतात. अपक्ष वारला तर मतदान ठरल्या दिवशी होते. मी हे घरी सांगितले तेव्हा सौभाग्यवतींनी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या मोजून डबीत भरल्या.

प्रचाराला दिवस मिळाले चौदा. मतदार अडीच लाखांच्या घरात. चौदा दिवसांची मिनिटे होतात 20,160. न झोपता, न जेवता प्रत्येक मतदाराला एकेक मिनिट द्यायचे म्हटले तरी बारा जणांतला एकही पुरता भेटणार नव्हता. खर्चाची मर्यादा चाळीस लाख रुपये. माझा खर्च साठ हजारांच्या आसपास. पत्रके, त्यांवर कायद्याप्रमाणे मुद्रकाचे नाव आणि प्रतींची संख्या, एक भाड्याची रिक्षा आणि चहा. चहाचासुद्धा दर निवडणूक कार्यालयाने ठरवून दिलेला असतो आणि त्याची नोंद रोजच्या वहीत करावी लागते. बँकेतल्या माणसाला ही वही म्हणजे सुखाची गोष्ट. हिशेब तपासनिसांनी माझी वही पाहून विचारले, "आपण लेखापाल का?" सबंध निवडणुकीत माझी एवढीच स्तुती झाली.

पण हे सारे कागदाचे. खरे अवघड होते ते वेगळेच, आणि ते निवडणुकीच्या क्रियापदांत कोणी धरीत नाही. ते म्हणजे मागणे.

आमच्यासारख्या घरांत एक शिकवण बाळकडूबरोबर पोटात जाते : कोणापुढे हात पसरू नये. शेजारून वाटीभर साखर आणली तर दुसऱ्या दिवशी ती शिगोशीग भरून परत जाते. मदत लागली तर आपण कर्ज काढतो, पण भावापुढे शब्द टाकीत नाही. या बाण्याचा आम्हांला अभिमान आहे. त्यातून मी बँकेतला. जन्मभर टेबलाच्या पलीकडून लोकांनी माझ्याकडे मागितले आणि मी चष्म्यावरून त्यांचे कागद पाहिले. आता दार दुसऱ्याचे, घंटा वाजवणारा मी आणि कागदही माझेच. पहिल्या दिवशी सौभाग्यवती बरोबर होत्या. तीन घरे झाल्यावर जिन्यातच थांबून म्हणाल्या, "अहो, दार उघडलं की आधी हसा. तुम्ही वसुलीला आल्यासारखे उभे राहता."

हसणे चौथ्या घरापासून जमू लागले. मागणे जमायला आठवडा लागला. आधी मी सांगत असे, 'विचार करावा', 'लक्ष असू द्यावे'. 'मला मत द्या' हे चार शब्दसुद्धा नसलेले वाक्य घशातून बाहेर येत नसे. ते ज्या दिवशी आले त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली. भिक्षेत मागणारा खाली आणि देणारा वर असतो. कर्जात घेणारा बांधला जातो. मताचे तसे नाही. ते ज्याच्याकडे मागतो त्याच्यापाशी एकच असते, माझ्यापाशीही एकच. करोडपतीकडे दोन नसतात आणि आमच्या मावशींकडे अर्धे नसते. मागणारा आणि देणारा इतके बरोबरीचे असतात असे दुसरे मागणे मला तरी ठाऊक नाही. आणि मागावे लागते म्हणूनच माणूस त्या दारापर्यंत जातो. न मागण्याच्या बाण्याने आम्ही कोणाचे मिंधे राहिलो नाही, हे खरे. पण किती जिने आम्ही जन्मात चढलो नाही, तेही खरे.

दारे नाना तऱ्हेची. आमच्यासारख्यांच्या वसाहतींत पहारेकऱ्याने वही पुढे केली. 'कोणाकडे?' या रकान्यात मी लिहिले, 'सर्वांकडे.' त्याने इंटरकॉमवर विचारून सांगितले, "सर्व लोक बिझी आहेत." जिथे सोडले तिथे भिंगातून डोळा दिसे, साखळी तशीच राही आणि फटीतून आवाज येई, "आम्ही राजकारणात पडत नाही." जमीन तुमच्या नावावर आहे का, असे मी विचारले की साखळी निघे. रेल्वेपलीकडच्या वस्तीत दार उघडेच असायचे, पण तिथे दुसरी अडचण. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती आणि तेव्हापासून कारभार प्रशासकाकडे. नगरसेवकच नसल्यामुळे गटार, नळ, दिवा ही सारी गाऱ्हाणी विधानसभेच्या उमेदवाराच्या झोळीत. मी सांगत असे, "आमदाराचं काम कायदे करायचं." ऐकणारा विचारी, "मग गटाराचा कायदा करा!" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. एका मंडळाच्या मुलांनी टी-शर्ट मागितले. मी नाही म्हटले. त्यांनी तेवढ्याच आनंदाने मला वडापाव खाऊ घातला आणि तो मी वहीत लिहिला.

तिथेच पुनर्वसनाच्या एका सात मजली इमारतीत लिफ्ट बंद होती. पाचव्या मजल्यावर धापा टाकीत पोचलो, तर दारात एक आजी लसूण सोलीत बसल्या होत्या. त्यांनी पत्रक हातात घेतले, कुकरचे चित्र पाहिले, मला तांब्याभर पाणी दिले आणि विचारले, "येणार का परत?"

मी उत्साहाने म्हटले, "निवडून आलो की पहिल्यांदा इथे येईन."

"ते नव्हे," आजी म्हणाल्या. "आलेले येत नाहीत, ते ठाऊक आहे. पडलेले येतात का, ते विचारते."

चौदा दिवसांत मी एकही आश्वासन दिले नव्हते; एक बाकी होते ते तिथे दिले. म्हटले, "येईन."

18 नोव्हेंबरला संध्याकाळी सहाला प्रचार थांबला आणि 20 ला मतदान झाले. अडीचशेच्या वर केंद्रे आणि माझे प्रतिनिधी चार. सकाळी मी आणि सौभाग्यवती रांगेत उभे राहिलो. तेराव्या नंबरचे बटण दाबले. शेजारच्या यंत्राच्या खिडकीत चिठ्ठी आली. माझे नाव आणि कुकर. ती सात सेकंद दिसते. लग्नपत्रिकेनंतर माझे नाव इतक्या थाटाने छापलेले मी पाहिले नव्हते.

मतमोजणी 23 ला. जाळीच्या पलीकडे टेबले, अलीकडे आम्ही. प्रत्येक फेरी संपली की अधिकारी पंधराही नावे वाचीत. पहिल्या उमेदवाराचे हजारांतले आकडे आणि तेराव्याचे दोन आकडी. पण आवाज तोच, गांभीर्य तेच. पहिल्या फेरीत मला 22 मते मिळाली. जाळीपलीकडच्या कोणा अनोळखी माणसाने 'बावीस' हा आकडा दुसऱ्याला पुन्हा सांगितला, त्याने तो तपासून लिहिला आणि त्यावर सही केली. मला वाटले, या देशात कोणाचे काही मोजायचे राहत असेल, पण हे राहत नाही. शेवटच्या फेरीनंतर माझी बेरीज झाली 638. 'नोटा'ला माझ्या दुप्पट. अनामत वाचायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते लागतात; आमच्याकडे ती तेवीस हजारांच्या वर गेली असती. दहा हजार सरकारजमा झाले.

तळमजल्यावरचे काका सांत्वनाला आले. "अहो, 1952 साली मुंबईत खुद्द बाबासाहेब आंबेडकर पडले होते. ज्यांनी राज्यघटना घडवली ते! तिथे तुमची आमची काय कथा?" गोष्ट खरी आहे, पण असे सांत्वन अंगावर घ्यायला माप मोठे लागते. मी विषय बदलला. निकालाच्या तक्त्यात केंद्रवार आकडे असतात. आमच्या सोसायटीच्या केंद्रावर मला 31 मते होती. काकांनी तो आकडा पाहून खाली मान घातली, मग एकदम म्हणाले, "खरं सांगू? तुम्ही तिकडे गेला असतात तर पंप कोणी पाहिला असता? आमदार कोणीही मिळतो हो. सेक्रेटरी मिळत नाही." मला राग यायला हवा होता, पण हसू आले.

त्याच तक्त्यात रेल्वेपलीकडच्या त्या केंद्रासमोर आकडा होता 47. तिथे मी जन्मात एकदाच गेलो होतो. माझे नाव, गाव, जात, काही ठाऊक नसलेल्या सत्तेचाळीस माणसांनी तेराव्या नंबरपर्यंत बोट खाली आणले होते. मत वाया गेले, असे लोक म्हणतात. ज्याने दिले त्याला काय वाटले ते मला सांगता येणार नाही. ज्याला मिळाले त्याला विचाराल तर त्यातले एकही वाया गेलेले नाही. अनोळखी माणसाने आपल्यावर टाकलेला विश्वास मोजून, लिहून, सहीशिक्क्यानिशी हातात मिळण्याची दुसरी सोय जगात नाही. पगार मिळतो, बढती मिळते, सत्काराची शाल मिळते. हे मिळत नाही.

निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, पडलेल्यालाही. तो मी वेळेत दिला. आणि त्याच आठवड्यात, ठरल्याप्रमाणे, रेल्वेपलीकडे गेलो. लिफ्ट बंदच होती. पाचव्या मजल्यावर दार उघडेच होते. आजींनी डोळ्यांवर हात धरून पाहिले. "कुकरवाले ना?"

"हो. पडलो."

"ते कळलं." त्या क्षणभर थांबल्या. "मी तुम्हाला मत दिलं नव्हतं हां. सुनेनं दिलं असेल, मी नाही. आम्ही पहिल्यापासून देतो तिकडेच दिलं."

मी म्हटले, "काही हरकत नाही. येतो म्हटलं होतं, म्हणून आलो."

"मग उभे का? बसा."

चार नोव्हेंबरपर्यंत मला बसवायला पुष्कळ जण येऊन गेले होते आणि मी कोणाचे ऐकले नव्हते. आजींचे ऐकले. त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला आणि कपाटावरची एक मळकट कापडी पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. आत सोसायटीचे कागद होते. मी चष्मा लावला.